डिझेल ऐकलेला कान

मी एक जुना सुपरचार्जर आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेले नसेल, म्हणून आधी व्याख्या सांगतो. मोटारीचे इंजिन हवा ओढते, तीत पेट्रोल मिसळते आणि ते मिश्रण जाळून चाके फिरवते. हवा जितकी अधिक, तितके पेट्रोल अधिक जाळता येते आणि तितकी ताकद वाढते. इंजिन स्वतःहून ओढते त्यापेक्षा जास्त हवा त्याच्यात कोंबणारा पंप म्हणजे मी. इंजिनाच्याच शक्तीवर, एका पट्ट्याच्या साहाय्याने, मी फिरतो. सध्या मात्र फिरत नाही. परभणी जिल्ह्यातल्या झरी या गावी, एका पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडी फळीवर मी ठेवलेला आहे. माझ्या डावीकडे वाळलेल्या रंगाचे डबे आहेत. उजवीकडे काही नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन पीळदार रोटर आहेत. ते एकमेकांत गुंतून फिरतात, पण एकमेकांना कधीही शिवत नाहीत. त्यांच्यामधली फट जाड कागदाएवढी असते. माझ्या एका फेऱ्यात एक लिटर तीनशे मिलिलिटर हवा पुढे ढकलली जाते. हे माझे माप आहे. मला तपासणाऱ्या बाईंनी ते एका चिठ्ठीवर लिहून माझ्या अंगावर चिकटवले होते. माणसांना नावे असतात, तसा मला तो आकडा आहे.

नऊ वर्षे मी तीन लिटरच्या, सहा सिलिंडरच्या एका गाडीवर काम केले. ते इंजिन माझ्या मापाचे होते, किंवा मी त्याच्या मापाचा होतो. मालक पाहुण्यांना झाकण उघडून मला दाखवत असे. त्या काळात माझी वाखाणणी पुष्कळ झाली. देखभालही झाली, कारण ती वेळापत्रकात लिहिलेली होती. पुढे ती गाडी मोडीत निघाली. माझी पुली, म्हणजे पट्टा जिच्यावर चढतो ते चाक, माझ्यासोबत खोक्यात घातली गेली आणि जुन्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्यामार्फत मी भारतात आलो. त्या व्यापाऱ्याने एकाच पेटीत आम्हा दोघांना झरीला पाठवले: मला, आणि माझ्याहून निम्म्याने लहान असलेल्या दुसऱ्या एका सुपरचार्जरला. आठ दिवसांत पसंत पडेल तो ठेवायचा आणि दुसरा परत करायचा, अशी बोली होती.

आम्हाला बोलावणारे गृहस्थ म्हणजे सूर्यभान. त्यांनी चौतीस वर्षे एसटीच्या कार्यशाळेत डिझेलच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी भंगारातून एक परदेशी स्पोर्ट्स कार उचलली. दोन माणसांची, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. गावाने तिचे नाव बेडकी ठेवले. तिचे अठराशे सीसीचे पेट्रोल इंजिन गंजून एकजीव झाले होते. सहा वर्षे खपून सूर्यभाननी ते सुटे केले, घासले, पुन्हा जुळवले. त्याचे पिस्टन बनवणे कंपनीने कधीच थांबवले होते. एक संच मिळवायला चौदा महिने लागले. दुसरा संच मिळाला नाही.

आता एक वैद्यकीय नोंद. सूर्यभान यांचा उजवा हात कापत असे. हात स्वस्थ असला की कंप वाढे. पाना धरला की कमी होई. सारजाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, याला विश्वकर्म्याची कृपा मानत. वस्तुतः ते कंपवात या आजाराचे लक्षणच आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले होते की पुढे कामातही कंप राहील, आणि स्नायू ताठरतील.

निवडीचा दिवस शनिवार होता. शेडसमोरच्या बाजेवर आम्हा दोघांना ठेवले होते. सूर्यभान यांची मुलगी अपेक्षा पुण्याहून आली होती. ती यंत्र अभियंता आहे आणि इंजिनांची चाचणी घेणे हेच तिचे काम आहे. चौथे बन्सीधर, सूर्यभान यांचे बालमित्र. त्यांचे गावात धातू कातायचे लेथ आहे. शिवाय पंचक्रोशीतली कडबा कुट्टीची यंत्रे, म्हणजे जनावरांसाठी ज्वारीची ताटे बारीक चिरणारी यंत्रे, तेच दुरुस्त करतात. येताना त्यांनी कापूस तोलायचा काटा आणला होता.

"साडेसतरा किलो," मला काट्याला अडकवून बन्सीधर म्हणाले. "अन् हे बारकं सात. मंग इचारायचं काय ऱ्हायलं?"

"काका, आपण कापूस घ्यायला बसलेलो नाही," अपेक्षा म्हणाली.

"कापूस न्हाई, पर पैलवान तर घ्यायलोत ना? पैलवान बी तोलूनच घेतेत."

"बाज रिकामी करा लवकर," सारजाबाईंनी चहा ठेवत बजावले. "दोन जावई आल्यावानी बसवलेत मांडून. मला तिथं डाळ वाळवायचीय."

अपेक्षाने वही उघडली. तिने सांगितलेले मी जसेच्या तसे देतो, कारण त्यात चूक नव्हती. "अण्णा, आपलं अठराशेचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे एका फेऱ्याला नऊशे मिली हवा ओढतं. हा लहान त्याला साडेबाराशेच्या आत देतो. तेवढं ते सोसेल. हा मोठा त्याच्या स्वतःच्या पुलीवर दोन हजारांच्या वर देतो. म्हणजे दुपटीहून जास्त. पिस्टन टिकणार नाहीत."

"हवा जास्त झाली म्हणून इंजन गेलेलं चौतीस वरसांत मी पाहिलं न्हाई, माय," सूर्यभान शांतपणे म्हणाले. "कमी पडली की काळा धूर मारतं. जास्त मिळाली की खुलतं."

"ते डिझेलचं."

"इंजन ते इंजनच."

मित्रांनो, येथे थोडे थांबू या. सूर्यभान खोटे बोलत नव्हते. डिझेलच्या इंजिनात आधी नुसती हवा दाबतात आणि मग तीत इंधन फवारतात; म्हणून हवा थोडी अधिक झाल्याने सहसा बिघडत नाही. पेट्रोलच्या इंजिनात बहुधा हवा आणि इंधन आधीच मिसळलेले असते. ते मिश्रण मर्यादेपलीकडे दाबले, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच त्याचा काही भाग आपोआप भडकतो आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडा पडल्यासारखा आघात होतो. त्याला नॉकिंग म्हणतात. अनुभव हा पुरावाच असतो. परंतु तो जेथे गोळा केला तेवढ्याच हद्दीत चालतो. सूर्यभान यांचा सगळा अनुभव डिझेलच्या हद्दीतला होता.

त्यांनी माझ्या तोंडात बोट घालून रोटर फिरवला. बोट माझ्या धातूला टेकताच स्थिरावले. मी अडखळलो नाही, घासलो नाही. त्यांनी मान एका बाजूला कलती केली आणि बराच वेळ माझा तो हलका घुमार ऐकला.

"हे दमदार हाय," ते म्हणाले. "ते दुसरं खेळणं वाटतं."

"अण्णा, दमदार असण्याचा प्रश्न नाही. मापाचा आहे."

सूर्यभाननी हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. तो कापू लागला. त्यांनी तो लपवला नाही.

"माय, माझ्याकडं एकच इंजन ऱ्हायलंय," ते म्हणाले. "अजून वरीसभर हात चालंल. मंग कपबशी बी धरता येणार न्हाई. हे मला माझ्या हातानं पुरं करायचंय अन् रस्त्यावर एकदा खुललेलं ऐकायचंय. हे गेलं की दुसरं करणं व्हायचं न्हाई. म्हणून मला जे पटतंय ते बसवू दे."

अपेक्षाने हिशेब बदलला नाही. त्याला एक अट जोडली. मला ठेवायचे असेल, तर माझी मूळ छोटी पुली काढून तिच्या जागी मोठी पुली बसवायची, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला माझाही एकच फेरा होईल. तेराशे मिली हवा जाईल. इंजिनाच्या सहनशक्तीचा तो काठ होता, पण काठाच्या आतला.

"चालंल," सूर्यभान म्हणाले.

लहान सुपरचार्जर परत गेला. मी निवडला गेलो, आणि मला आनंद झाला हे मी नाकारत नाही. वजन, घुमार आणि एका थकलेल्या माणसाचा कौल, या तीन कारणांसाठी माझी निवड झाली होती. त्यांपैकी एकही कारण इंजिनाला लागू पडत नव्हते.

पुढचे पाच आठवडे माझ्या या दुसऱ्या आयुष्यातले उत्तम दिवस होते. सूर्यभाननी माझ्यासाठी लोखंडी बैठक घडवली. तिची पातळी त्यांनी चार ठिकाणी तपासली. माझ्यात तेल भरताना ते गाळून भरले. प्रत्येक शनिवारी अपेक्षा येई आणि तिच्या हिशेबाप्रमाणे पेट्रोलची मात्रा व ठिणगीची वेळ संगणकावरून लावून देई. बन्सीधरनी मोठी पुली लेथवर कातली. ती इतकी नेमकी झाली होती की अपेक्षाने मापून घेतल्यावर पुन्हा मापली.

"आता वरून तोलून बी बघ," बन्सीधर म्हणाले.

पहिल्या चाचणीच्या सकाळी सारजाबाईंनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. गावाबाहेरच्या नव्या, अजून वाहतुकीला न उघडलेल्या बाह्यवळण रस्त्यावर अपेक्षाने गाडी चालवली. शेजारी सूर्यभान बसले. इंजिन स्वच्छ चालले. तापमान योग्य होते. मी हलकी शीळ घालत होतो. अपेक्षाने गाडी थांबवली आणि ती हसली. हिशेब जुळल्यावर माणसे हसतात तसे.

"कशी वाटली, अण्णा?"

"बरी हाय," सूर्यभान म्हणाले.

कार्यशाळेत चौतीस वर्षे ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केले, त्यांना या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक होता. गाडी नापास झाली होती.

रविवारी संध्याकाळी अपेक्षा पुण्याला गेली. बुधवारी दुपारी बन्सीधर शेडमध्ये येऊन बसले.

"सहा वरसं लावलीस, अन् पळती ती पोरगी नांदायला निघाल्यावानी," ते म्हणाले. "गावात हसायलेत."

"हवा कमी पडायलीय," सूर्यभान म्हणाले. "मला दिसतंय ते."

"कुट्टी हळू चालली की आपुन काय करतो? यंत्रावरची पुली बारकी लावतो. दुप्पट कडबा पडतो. ह्येची तर कंपनीची बारकी पुली खोक्यातच हाय."

"पोरीनं अट घातलीय."

"पोरगी पुस्तकातली हाय, राव. कंपनीनं काय उगीच दिली का पुली?"

कंपनीने ती उगीच दिली नव्हती. तीन लिटरच्या इंजिनासाठी दिली होती. कुट्टीचा नियमही खराच होता. पण कुट्टीत जास्त कडबा पडला तर जनावरांपुढे जास्त वैरण येते, एवढेच.

सूर्यभाननी खोके उघडले. पुली बदलायला चार बोल्ट काढायचे आणि चार बोल्ट आवळायचे होते. निरोगी हाताला हे दहा मिनिटांचे काम. त्यांना पन्नास मिनिटे लागली. तिसरा बोल्ट दोनदा हातून पडला. बन्सीधर पुढे झाले तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच त्यांना मागे बसवले. चौथा बोल्ट त्यांनी दोन्ही हातांनी धरून आवळला. मग लहान पुलीला लागणारा आखूड पट्टा चढवून त्यांनी त्याचा ताण अंगठ्याने तपासला. ताण अचूक होता. त्या पन्नास मिनिटांतले प्रत्येक काम कारागिरीच्या दृष्टीने निर्दोष होते. निर्णय तेवढा चुकीचा होता.

"अपेक्षाला फोन करायचा का?" बन्सीधरनी विचारले.

"आली की दाखवू. ऐकल्यावर तिलाच कळंल."

शनिवारी सकाळी अपेक्षा परभणीहून एसटीने येणार होती. तिला फाट्यावरून गाडीतच आणायचे ठरले. सूर्यभान स्वतः स्टीअरिंगवर बसले. बन्सीधर त्यांच्या शेजारी, गुडघे हनुवटीला टेकवून. बाह्यवळण रस्त्याच्या सरळ तुकड्यावर सूर्यभाननी ॲक्सिलरेटर दाबला.

मी फिरू लागलो. इंजिनाच्या एका फेऱ्याला माझे एक पूर्णांक सहा दशांश फेरे. दोन हजार ऐंशी मिलिलिटर. नऊशे ओढणाऱ्या इंजिनात मी ते कोंबत होतो. कोंबणे एवढेच मला येते. थांबणे माझ्या रचनेत नाही. गाडीने अशी उडी घेतली की बन्सीधर यांची टोपी मागच्या काचेवर आदळली.

तेवढ्यात पहिला ठोका पडला. मग दुसरा. मग सलग, लोखंडावर बारीक हातोडी चालावी तसे.

"सूर्यभान, हे टकटक काय वाजायलंय?" बन्सीधर म्हणाले.

पेट्रोलचे इंजिन ओळखणाऱ्या कोणत्याही माणसाने त्या क्षणी पाय उचलला असता. तेवढ्याने इंजिन वाचण्याची शक्यता होती. सूर्यभाननी मान एका बाजूला कलती केली. चौतीस वर्षे, रोज सकाळी, पन्नास थंड बसगाड्या एका रांगेत सुरू होताना त्यांनी ठोक्यांचा असाच आवाज ऐकला होता. निरोगी डिझेलचा आवाज तसाच असतो. तो बंद पडला की ते काळजी करत. सुरू झाला की चहाला जात.

"ऐक," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आता बोलायलंय बघ. आता खुललंय."

आणि त्यांनी पाय आणखी दाबला.

अकरा सेकंद लागले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनना भोके पडली. पेटलेले मिश्रण उलट्या वाटेने माझ्यात शिरले आणि माझे रोटर तापून पसरले. जी फट कधीही मिटू नये अशी माझी रचना होती, ती मिटली. मी स्वतःलाच घासलो. मग निळा धूर आला आणि गाडी आपल्या वेगाने थोडी पुढे जाऊन उभी राहिली.

फाट्यावर कोणी आले नाही म्हणून अपेक्षा चालत निघाली. ती पोहोचली तेव्हा दोघे रस्त्याच्या कडेला बसले होते. तिने झाकण उघडले. आधी पुलीकडे पाहिले, आणि पुष्कळ वेळ पुलीकडेच पाहिले.

"आवाज आला होता का?" तिने विचारले.

"आला होता," सूर्यभान म्हणाले.

"कसा?"

त्यांनी दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने वाजवून दाखवले. टक् टक् टक्. ताल अगदी बरोबर होता. "चांगला वाटला," ते म्हणाले.

अपेक्षाने झाकण मिटले. "पिस्टन जुने होते, अण्णा," ती म्हणाली. "कधी तरी जाणारच होते."

"माझीच चूक हाय," बन्सीधर मध्येच म्हणाले. "पुलीचं मीच काढलं."

सूर्यभाननी त्यांच्याकडे पाहिले नाही. "वही आणलीस का?" त्यांनी मुलीला विचारले.

तिने नाइलाजाने पिशवीतून वही काढली. रस्त्याच्या कडेला बसून सूर्यभाननी ते पान दोनदा वाचून काढले. कापणाऱ्या हातात वही स्थिर राहीना, म्हणून अपेक्षाने ती धरली. नऊशे. दोन हजार ऐंशी. ते कुशल कारागीर होते. बाजेपाशी जे त्यांनी ऐकून घेतले नव्हते, ते आता त्यांना समजले. नॉकिंग या शब्दावर आणि त्यापुढे लिहिलेल्या 'ठोक्यांचा आवाज' या नोंदीवर त्यांनी बोट ठेवले.

"म्हंजी ते वरडायलं व्हतं," ते म्हणाले. "अन् मी म्हणलो, बोलायलंय."

अपेक्षाने वही मिटून पिशवीत ठेवली.

याला आता चौदा महिने झाले. बेडकीवर ताडपत्री आहे. अपेक्षाने तीन देशांत पिस्टनची चौकशी केली, मिळाले नाहीत. नवे घडवून घेता आले असते, पण सूर्यभान यांचा हात आता पानाही धरत नाही, आणि इंजिन दुसऱ्याने जुळवून द्यावे ही कल्पना त्यांनी ऐकूनसुद्धा घेतली नाही. महिन्यातून एकदा ते फळीपाशी येतात, माझ्या तोंडात बोट घालतात आणि रोटर हलवण्याचा प्रयत्न करतात. मी खरखरतो आणि अडकतो. ते बोट काढून घेतात.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, त्यांना तेल द्या, धूळ पुसा, असे तुम्हाला इतरत्र सांगितले असेल. ते योग्यच आहे; परंतु मला तेलही मिळाले होते आणि माझी धूळही रोज पुसली जात होती. काळजी माझी अपुरी पडली नाही. तुम्हाला माझी विनंती निराळी आहे. माझ्यासारखा कोणी निवडायची वेळ आली, तर तो किती दमदार आहे हे मागाहून पाहा. आधी ज्याच्यावर बसवायचा त्याचे माप घ्या. आणि कोणी मोजून घातलेली अट मोडावीशी वाटली, तर मोडण्यापूर्वी त्या माणसाला विचारा. बुधवारी दुपारी तो फोन दोन मिनिटांचा झाला असता. या विनंतीने माझे किंवा सूर्यभान यांचे आता काही भले होणार नाही, हेही मी स्पष्ट करतो.

परवाची गोष्ट. सारजाबाईंचा मिक्सर घरघर करू लागला. आवाज येथपर्यंत येत होता. मिक्सरचा खालचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते कडे, झिजला आहे, दुसरे काही नाही. सूर्यभान शेडच्या दारात बसले होते. त्यांची मान एका बाजूला कलली. ओठ हलले. त्यांना दोष कळला होता, मला खात्री आहे.

"अहो, काय झालंय बघा की ह्याला," आतून सारजाबाई म्हणाल्या. "तुमाला नुसतं ऐकून कळतं."

मान सरळ झाली. कापणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली धरला.

"मला इचारू नको," ते म्हणाले. "अपेक्षाला फोन लाव. तिला ऐकीव."